दुर्बिणीवरचं दव: आधी आडोसा, मग ऊब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन (आरशाची आखूड दुर्बीण, जिच्या तोंडावर काच असते) नवीन घेतली आहे. पहिले दोन-तीन तास सगळं छान दिसतं, मग तारे पुसट होत जातात, आणि टॉर्च मारून बघावं तर पुढच्या काचेवर दव. रुमालाने पुसलं तर पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा तेच. तयार हीटरचा पट्टा आणि त्याचा कंट्रोलर मिळून बजेटबाहेर जातात. स्वस्तात काय करता येईल?

सगळ्यात आधी रुमाल बाजूला ठेवा. ओल्या काचेवर धूळही असते. ती रुमालाखाली सापडली की काचेवरच्या लेपावर बारीक ओरखडे उठतात आणि ते कायमचे राहतात. दवाने फक्त ती रात्र जाते, लेप मात्र जन्मभराचा असतो.

आता खरा प्रश्न. ‘आलेलं दव कसं घालवायचं’ असं तुम्ही विचारताय, पण विचारायला हवं ते ‘काच इतकी थंड होतेच का’. आपल्या भाषेनेच इथे थोडी दिशाभूल केली आहे. आपण ‘दव पडतं’ म्हणतो, त्यामुळे ते पावसासारखं वरून येतं असं वाटतं. ते कुठूनही पडत नाही. हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जागच्या जागी पाणी होते. ज्या तापमानाला हे होऊ लागतं त्याला दवबिंदू म्हणतात. पृष्ठभागाचं तापमान त्याच्या खाली गेलं की ओल धरलीच.

गंमत म्हणजे काच नुसती हवेइतकी थंड होत नाही, तिच्याहूनही थंड होते. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असते आणि समोरच्या वस्तूंकडून परत मिळवत असते. भिंतीसमोरची काच जेवढं देते जवळपास तेवढंच परत मिळवते. निरभ्र आकाशासमोरची काच देते भरपूर, परत फार थोडं येतं. अवरक्त थर्मामीटर हाताशी असेल तर एखाद्या कोरड्या, स्वच्छ रात्री तो डोक्यावरच्या आकाशाकडे रोखून बघा. हवा २० अंश असली तरी आकडा शून्याच्या बराच खाली दाखवेल. तुमची करेक्टर प्लेट, म्हणजे ती पुढची काच, रात्रभर त्या थंडगार छताकडे तोंड करून बसलेली असते. वारा नसेल तर उघडी काच हवेपेक्षा दोन ते पाच अंशांनी सहज खाली जाते.

हे कोडं विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने १८१४ साली सोडवलं, तेही लोकरीच्या पुंजक्यांवर. सारख्या वजनाचे पुंजके रात्री उघड्यावर ठेवायचे आणि नंतर तोलून कोणी किती दव टिपलं ते बघायचं. ज्या पुंजक्यावर त्याने पुठ्ठ्याचं घराच्या छपरासारखं आच्छादन ठेवलं होतं, त्याने उघड्या पुंजक्यापेक्षा फारच कमी दव टिपलं. हवा दोघांना सारखीच मिळत होती, फक्त एकाला आकाश दिसत नव्हतं. मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं या पुठ्ठ्यातच आलं.

तुमच्याकडे दव किती त्रास देईल हे हवेतल्या आर्द्रतेवर अवलंबून आहे, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असा एकच उपाय मी सांगू शकत नाही. अंदाजासाठी एक सोपा हिशोब मात्र आहे. सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांच्या जितकी खाली, त्यातल्या दर ५ टक्क्यांमागे दवबिंदू हवेच्या तापमानाहून साधारण एक अंश खाली असतो. म्हणजे ८० टक्क्यांना चार अंश, ६० टक्क्यांना आठ. ५० टक्क्यांच्या वर हा हिशोब कामापुरता बरोबर येतो. आर्द्रता ६० असेल तर तुमची काच आठ अंश खाली जाणार नाही, निवांत बघत बसा. ८० असेल तर उघडी काच ओली होणार. ९०च्या वर गेली तर नुसत्या आडोशाने भागणं कठीण.

यात नवखे लोक एका ठिकाणी फसतात. ते संध्याकाळचा आकडा धरून चालतात. संध्याकाळी २५ अंश आणि ६५ टक्के असेल तर दवबिंदू १८ च्या आसपास असतो आणि हातात सात अंशांचं अंतर दिसतं. मध्यरात्री हवा २० वर उतरली की तीच वाफ ८८ टक्के आर्द्रता दाखवते आणि अंतर उरतं दोन अंशांचं. तुमची दुर्बीण ‘पहिले दोन-तीन तास छान’ का चालते, याचं उत्तर यातच आहे. म्हणून संध्याकाळी आर्द्रतेपेक्षा दवबिंदू बघा आणि पहाटेचं अपेक्षित तापमान त्याच्या किती जवळ जातंय ते बघा.

आता आडोसा, म्हणजे ड्यू शील्ड. ही दुर्बिणीच्या तोंडावर बसवायची साधी नळी. ‘व्यासाच्या दीडपट ते दुप्पट लांब’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो आला कुठून ते कळलं की लांबी तुमची तुम्ही ठरवू शकाल. काचेच्या मध्यातून थेट आकाशाकडे जाणाऱ्या उष्णतेचा वाटा काढायचा तर नळीच्या त्रिज्येच्या वर्गाला, त्रिज्येचा वर्ग अधिक लांबीचा वर्ग या बेरजेने भागायचं. नळी व्यासाच्या निम्मी लांब असेल तर वाटा निम्मा होतो. व्यासाइतकी असेल तर पाचवा भाग उरतो, दीडपटीला दहावा, दुपटीला सतरावा. तिप्पट केली तर सदतिसावा, पण तोवर वाऱ्यात डुलणारं एक शीड तुमच्या हातात आलेलं असतं. पहिल्या दीडपटीतच नव्वद टक्के काम होतं. त्यापुढे लांबी वाढवून हाती फारसं लागत नाही. तुमच्या दुर्बिणीला ३०० ते ४०० मिमी पुरे.

पण या हिशोबात एक गृहीत आहे: नळीची आतली बाजू हवेइतकी उबदार राहते. नळी पातळ पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची असेल तर ती स्वतःच बाहेरून गार होते आणि काचेसमोर आकाशाऐवजी एक गार भिंत येते. म्हणून मला व्यायामाची किंवा कॅम्पिंगची फोमची सतरंजी सगळ्यात आवडते, दहा मिमीच्या आसपास जाडीची. तिच्यातल्या हवेच्या बंद कप्प्यांमुळे उष्णता अडते, ती पाणी पीत नाही आणि पिशवीत गुंडाळून नेता येते. जाड कार्डशीट सुरुवातीला सुबक दिसते, पण दोन ओल्या रात्रींत तिची मान पडते. मी पहिलं शील्ड तसंच केलं होतं. पहाटे ते दुमडून निम्म्या काचेवर आलं आणि मी बराच वेळ ढग आले असं समजून बसलो.

कापताना सगळ्यांची होते ती चूक सांगतो. दुर्बिणीच्या नळीचा बाहेरचा व्यास २३० मिमी धरला तर परीघ ७२२ मिमी, म्हणून लोक ७२२ आणि थोडं वर असं कापतात, आणि मग ते बसत नाही. जाड सतरंजी वाकवली की तिची आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणली जाते, त्यामुळे परीघ तिच्या जाडीच्या मध्यावर मोजावा लागतो. २३० मध्ये जाडीचे १० मिळवले की २४०, त्याचा परीघ ७५४. वर वेल्क्रोसाठी ५० मिमी, म्हणजे एकूण सुमारे ८०० मिमी. रुंदीत शील्डच्या लांबीशिवाय आणखी ६० ते ८० मिमी ठेवा, म्हणजे ते नळीवर नीट चढेल. आतली बाजू काळी आणि चकाकी नसलेली हवी. सतरंजी रंगीत असेल तर आतून काळं फेल्ट चिकटवा. पुढच्या कडेला आतून एखादी प्लॅस्टिकची पट्टी गोल फिरवली की तोंड लंबगोल होत नाही.

शील्डमुळे दृश्य कापलं जाईल का, हा पुढचा प्रश्न असतोच. एक अंशाचं क्षेत्र बघत असाल तर ४०० मिमी लांबीत प्रकाश कडेला साधारण साडेतीन मिमी पसरतो. तुमची नळी काचेपेक्षा दर बाजूला तेरा-चौदा मिमी रुंद आहे. शील्ड सरळ बसलं असेल तर काही कापलं जाणार नाही.

जिथे दव मध्यम आहे तिथे एवढ्यावर रात्र निघते. माझ्या निम्म्याहून अधिक रात्री नुसत्या शील्डवर जातात. शिवाय काही फुकट गोष्टी आहेत. जागा निवडायला वाव असेल तर खोलगट भाग आणि पाणवठ्याची कड टाळा, कारण गार हवा उतारावरून खाली येऊन तिथेच साचते. थोडं चढावर, झुळूक लागेल असं उभं राहा. आपल्याला वाऱ्याचा राग येतो, पण हलती हवा काचेला पुन्हा पुन्हा हवेच्या तापमानाला आणते. मध्ये चहाला उठलात तर दुर्बीण डोक्यावर रोखलेली सोडू नका. क्षितिजाकडे झुकवा, तिकडचं आकाश माथ्यावरच्या आकाशाइतकं थंड नसतं. बराच वेळ जाणार असेल तर वरून एक चादर टाका. टेबलावर छत्री रोवली तर नकाशे, आयपीसची (डोळ्याजवळच्या भिंगांची) पेटी आणि वही कोरडी राहते. वेल्सचाच पुठ्ठा, फक्त दांडीवर.

आता ऊब. जिथे आर्द्रता ९०च्या पुढे जाते तिथे ती लागतेच. ‘आधी आडोसा’ असं मी म्हणतो, कारण आडोशाशिवाय हीटर लावला तर बॅटरीतली बरीचशी ऊब सरळ आकाशाला जाते. शील्ड असेल तर अगदी थोड्या वॅटमध्ये काम होतं. काच गरम करायची नसते, दवबिंदूच्या एक-दोन अंश वर ठेवायची असते. त्यापेक्षा जास्त ऊब दिली तर काचेवरून गरम हवेचे लोट उठतात आणि ग्रह पाण्याखाली असल्यासारखे हलतात. दव नाही पण गुरूचे पट्टेही दिसत नाहीत, असा तो प्रकार.

घरी बनवायचा पट्टा म्हणजे रेझिस्टरची (वीज गेली की तापणाऱ्या छोट्या भागांची) शिडी. दोन लांब तारा समांतर आणि त्यांच्यामध्ये पायऱ्यांसारखे रेझिस्टर. १२ व्होल्टवर ३३० ओहमचा एक रेझिस्टर सुमारे ०.४४ वॅट उष्णता देतो. तुमच्या ७२० मिमी परिघावर दर ३६ मिमीला एक असे २० लावले की एकूण पावणेनऊ वॅटच्या आसपास होतात आणि प्रवाह ०.७३ अँपिअर. रेझिस्टर अर्ध्या वॅटचे घेऊ नका, एक वॅटचे घ्या. अर्ध्या वॅटचा कागदावर पुरतो, पण कापडात गुंडाळल्यावर त्याची उष्णता बाहेर पडायला जागा नसते. प्रत्येक सांधा सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा, मग सगळी शिडी सुती पट्टीत शिवून टाका. बॅटरीच्या धन टोकाजवळच दोन अँपिअरचा फ्यूज घाला. हा फ्यूज विसरू नका. ओल्या अंधारात तारेवर पाय पडून शॉर्ट झालेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी हा गमतीचा विषय नाही.

हा पट्टा काचेच्या कडीच्या लगेच मागे नळीभोवती बांधायचा आणि त्याच्यावरून शील्ड चढवायचं. पूर्ण ताकद क्वचित लागते. कमी-जास्त करण्यासाठी एलईडी पट्ट्यांचा १२ व्होल्टचा साधा डिमर चालतो. तो वीज झपाझप चालू-बंद करून सरासरी कमी करतो, आणि दवाचे महागडे कंट्रोलरही मुळात हेच करतात. मी तिसऱ्या हिश्श्यापासून सुरू करतो. सात अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची म्हटलं तरी पूर्ण ताकदीवर पावणेपाच तास आणि निम्म्या ताकदीवर साडेनऊ तास मिळतात. दुर्बीण फिरवणाऱ्या मोटारीच्या बैठकीला (माउंटला) शक्यतो वेगळी बॅटरी द्या.

पट्टा कधी चालू करायचा? दव यायच्या आधी, अगदी सुरुवातीला. याच्यामागेही हिशोब आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,४५० ज्यूल लागतात. तुमच्या काचेवर ०.०५ मिमीचा थर बसला तरी ते दीड ग्रॅम पाणी झालं. पाच वॅटमधला थेंबनथेंब त्यावर खर्च झाला असं धरलं तरी बारा-तेरा मिनिटं जातात. प्रत्यक्षात निम्मी ऊब नळीत आणि हवेत जाते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास तुम्ही नुसते बघत बसता. दव अडवायला लागते त्याच्या कितीतरी पट ऊब ते घालवायला लागते.

वेळेवर कळावं म्हणून माझी एक युक्ती आहे. दुर्बिणीशेजारी टेबलावर एक छोटा आरसा उताणा ठेवतो, आडोशाशिवाय. आम्ही त्याला पहारेकरी म्हणतो. दुर्बिणीच्या काचेआधी तो धुरकट होतो. तो ओला दिसला की डिमर थोडा पुढे सरकवायचा. सेन्सर, वायर, अ‍ॅप काहीही लागत नाही.

फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, विसरू नका. मोठी काच कोरडी आणि फाइंडर आंधळा, अशी रात्र माझी अनेकदा गेली आहे. ५० मिमीच्या फाइंडरला पॉवर बँकेच्या पाच व्होल्टवर ५६ ओहमचे चार रेझिस्टर समांतर लावले की १.८ वॅट मिळतात, आणि तेवढे पुष्कळ झाले. सोल्डरिंगचा कंटाळा असेल तर हात शेकायची रासायनिक पाकिटं मिळतात, त्यातलं एक पायमोज्यात घालून रबरबँडने फाइंडरला बांधा. ती लोखंडाच्या चुऱ्यावर हवा लागून तापतात, म्हणून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, गार पडतील.

आयपीसचं दव बहुतेक वेळा आकाशाचं नसतं, आपलंच असतं. डोळ्याची ओल आणि श्वास. वापरात नसलेले आयपीस झाकणं लावून पेटीत ठेवा. पुढे लागणार असेल तो आधी थोडा वेळ खिशात राहू द्या. श्वास खाली सोडायची सवय लावून घ्या. पहिले आठ दिवस ते विचित्र वाटतं.

तुमच्याकडे न्यूटोनियन (तळाशी मोठा आरसा असलेली दुर्बीण) नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. बंद नळीच्या न्यूटोनियनमध्ये नळी हेच शील्ड असतं आणि तळाचा आरसा सहसा सुरक्षित राहतो. तोंडाजवळचा सेकंडरी, म्हणजे छोटा तिरपा आरसा, मात्र ओला होतो. तोंडावर थोडं फोम वाढवा, आणि तरी भागलं नाही तर सेकंडरीच्या पाठीला एक वॅटच्या आत ऊब पुरते. उघड्या सांगाड्याच्या डॉब्सोनियनला (साध्या पेटीसारख्या बैठकीवरच्या न्यूटोनियनला) कापडी आवरण हवंच. एकदा माझ्या प्रतिमा मऊ पडल्या, म्हणून मी अंधारात अर्धा तास आरशांची जुळणी करत बसलो. जुळणी चोख होती, सेकंडरी घामेजला होता. तारे पुसट झाले आणि त्यांच्याभोवती वलय दिसलं तर स्क्रूला हात लावण्याआधी काच बघा.

हेअर ड्रायरबद्दल विचारणारे बरेच असतात. आणीबाणीला चालतो. कमी तापमानावर, हातभर लांबून, सतत फिरवत ठेवा, एका जागी झोत धरू नका. पण काच पुन्हा गार होते आणि दव परत येतं, त्यामुळे हा उपाय रात्रभर पुरत नाही. घरच्या विजेवरचा ड्रायर ओल्या गवतात वापरायचा तर गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच त्या लाइनवर असलाच पाहिजे. नसेल तर नको.

शेवटी घरी परतण्याचा भाग. इथे दोन वेगळे प्रसंग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. दुर्बीण कोरडी पण गार असेल तर बाहेरच झाकणं लावा, पिशवीत घाला आणि मगच आत न्या. घरातली दमट हवा पिशवीवर ओल धरेल, काचेवर नाही. दुर्बीण ओली असेल तर उलट करा: झाकण न लावता आत आणा, नळी आडवी ठेवा, रात्रभर वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी बंद करा. ओल्या काचेवर झाकण लावून पेटी बंद केली की बुरशीला हवं ते सगळं मिळतं, आणि बुरशी लेपात शिरली की निघत नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून तापवून कोरड्या करत जा. करेक्टरच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर आयपीसच्या तोंडाशी सिलिका जेलची डबी बसवून दोन-चार दिवस तशीच राहू द्या. लगेच प्लेट उघडायला जाऊ नका.

तुमच्या जागी असतो तर या आठवड्यात फक्त सतरंजी कापली असती आणि तीन-चार रात्री पहारेकरी आरशासह काढल्या असत्या. तरीही काच ओली झाली तर पट्ट्याकडे वळा. नळीचा बाहेरचा व्यास एकदा फितीने मोजून कळवा, मी वर २३० धरला आहे. तो वेगळा निघाला तर रेझिस्टरची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर नव्याने काढून देतो.